पीयूसी पास, गाडी नापास

बारामती किंवा इंदापूरला पेट्रोल पंपालगत पीयूसीसाठी उभ्या राहिलेल्या डिझेल गाडीची तपासणी काही मिनिटांत उरकते. सायलेन्सरमध्ये नळी घातली जाते, गाडी न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलरेटर काही वेळा शेवटपर्यंत दाबला जातो, आणि बाहेर पडणाऱ्या धुरात प्रकाश किती अडतो हे मोजून यंत्र एक आकडा देते. तो आकडा बीएस-४ गाडीसाठी प्रतिमीटर १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५ च्या आत असला, की एमएच-४२ ची ती गाडी कायद्याच्या दृष्टीने निर्धोक ठरते. मात्र हे मोजमाप केवळ काजळीचे असते. डिझेल इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यांना वाहन उद्योगात नॉक्स म्हणतात, या तपासणीत मोजलेच जात नाहीत; आणि डिझेल गाड्यांच्या बाबतीत जगभर गाजलेली फसवणूक नेमकी या वायूंच्या संदर्भात झाली.

नॉक्सची अडचण इंजिनाच्या रचनेतच आहे. ज्वलन जितके उष्ण, तितके इंजिन इंधनातून अधिक काम काढते आणि काजळीही कमी होते. पण त्याच उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नॉक्स वाढतात, ज्यांतील नायट्रोजन डायऑक्साइड श्वसनमार्गाला घातक असून उन्हात ओझोन तयार होण्यासही कारणीभूत ठरतो. यावर उपाय म्हणून जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडून तापमान खाली आणले जाते. या यंत्रणेला ईजीआर म्हणतात. ती अधिक चालवली तर काजळी साचते आणि मायलेज व पिकअप यांवर परिणाम होऊ शकतो; कमी चालवली तर ग्राहक खूश राहतो आणि हवा बिघडते. ईजीआर कधी आणि किती चालवायची हे गाडीतील संगणक ठरवतो, त्यामुळे लबाडी करायची असेल तर त्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये करणे सर्वांत सोपे असते.

फोक्सवॅगनने तेच केले. उत्सर्जनाची अधिकृत चाचणी प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगाच्या ठरावीक क्रमाने होते. स्टीअरिंग हलत नाही आणि वेग मात्र पाठ केल्यासारखा बदलतो, यावरून ईए१८९ या इंजिनाचे सॉफ्टवेअर चाचणी सुरू असल्याचे ओळखत असे आणि तेवढ्यापुरती नियंत्रण यंत्रणा पूर्ण चालवत असे. रस्त्यावर आल्यावर ती ढिली पडे, आणि काही गाड्यांचे नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी हे जाहीर केले, तेव्हा जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

या प्रकरणाचा पुणे जिल्ह्याशी दुहेरी संबंध होता. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे. आणि गाड्यांना प्रमाणपत्र देणारी, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, पुण्यातल्या टेकडीवर आहे. एआरएआयने या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या तेव्हा त्यांचे नॉक्स मर्यादेपेक्षा जास्त आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले, पण भारतात रस्त्यावरील उत्सर्जनाला मर्यादाच नसल्याने नियमभंग झालेला नाही, अशी भूमिका घेतली. हा युक्तिवाद निर्लज्ज होता, तरी त्यातला कायद्याचा मुद्दा खरा होता. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्धच्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. अमेरिकेतील मालकांना गाडी कंपनीला परत विकण्याचा पर्याय आणि त्यावर काही हजार डॉलरची भरपाई मिळाली. भारतीय मालकाच्या वाट्याला फुकटच्या दुरुस्तीपलीकडे काही आले नाही.

तथापि ग्रामीण पुणे जिल्ह्याला अधिक जवळचे प्रकरण त्याआधी दोन वर्षांचे आहे, आणि फोक्सवॅगनच्या गाजावाजात ते विसरले गेले, हे योग्य झाले नाही. लग्नाच्या वऱ्हाडापासून वडापपर्यंत सर्वत्र वापरली गेलेली शेव्हरोले टवेरा जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये परत बोलावली. २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या अशा सुमारे १ लाख १४ हजार गाड्या होत्या. येथे सॉफ्टवेअरची हुशारी नव्हती, साधी हातचलाखी होती: उत्पादन सुरू असलेल्या गाड्यांच्या अधूनमधून होणाऱ्या सरकारी तपासणीसाठी, कमी प्रदूषण करणारी इंजिने आधीच निवडून ठेवून तपासणीच्या गाड्यांत बसवली जात, आणि गाडीच्या वजनाचे आकडेही बदलले जात. कंपनीने हे मान्य करून अनेक अधिकाऱ्यांना काढून टाकले, आणि सरकारी समितीने या प्रकाराला कंपनीने केलेली फसवणूक म्हटले.

त्या काळचे नियमही विचित्र होते. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ मानक लागू झालेल्या १३ शहरांत पुणे आणि सोलापूर दोन्ही होती, मात्र त्यांना जोडणाऱ्या महामार्गावरील इंदापूर नव्हते. देशभर हे मानक एप्रिल २०१७ मध्ये आले. टवेरा बीएस-३ आणि बीएस-४ अशा दोन्ही प्रकारांत विकली जात होती आणि दोन्ही प्रकार या रिकॉलमध्ये सापडले, म्हणजे फसवणुकीने शहर आणि गाव असा भेद केला नाही.

या दोन्ही वेळी रिकॉल कंपनीच्या मर्जीवर होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम ११०-अ एप्रिल २०२१ पासून अमलात आले, आणि तेव्हापासून पर्यावरणाला किंवा माणसाला अपाय करणारा दोष असल्यास गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा तिची किंमत परत करावी अशी तरतूद आहे, आणि नियमांनुसार दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. लाखभर गाड्या विकणाऱ्या कंपनीला १ कोटी म्हणजे किरकोळ खर्च होय. शिवाय हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांनाच लागू असल्याने २०१५ ची डिझेल पोलो किंवा व्हेंटो त्यांच्या कक्षेबाहेर गेली आहे.

बारामती-इंदापूर भागात मुख्य अडचण वेगळीच आहे. पुण्यात नवी घेतलेली गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने येथे येते, आणि कंपनीचे रिकॉलचे पत्र तिच्या नोंदीत राहिलेल्या पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. नव्या मालकाला ते मिळत नाही, गाडी गावच्या गॅरेजमध्ये चालू राहते, आणि तेथे पिकअप वाढवण्यासाठी ईजीआरचा मार्ग पत्रा लावून बंद करण्याचा सल्लाही मिळू शकतो. असा बदल केल्यास मालक स्वतःच कलम १८२-अ खाली दोषी ठरू शकतो, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड सांगितला आहे. आणि तरीही धुराच्या तपासणीत गाडी पास होऊ शकते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ मुळे डिझेल मोटारींची नॉक्सची मर्यादा प्रतिकिलोमीटर २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, आणि एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलांचे उत्सर्जन प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजले जाते. जुन्या गाड्यांसाठी मात्र काजळीचा तोच आकडा आहे. म्हणून जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याने टोकन देण्यापूर्वी चेसिसवरचा सतरा अक्षरांचा क्रमांक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवावा, त्या क्रमांकावर कोणता रिकॉल बाकी आहे का हे लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर आरसी बुकाबरोबर जपून ठेवावे.