सत्तरीचे तारे: ऐकीव किती, खरं किती?

तारा एका शुक्रवारी उगवावा आणि दुसऱ्याच शुक्रवारी आधीचा मावळावा, अशी गोष्ट सांगायलाही सोपी आणि ऐकायलाही छान. सत्तरच्या दशकातल्या नटनट्यांबद्दल आपल्याकडे फिरणारे बहुतेक किस्से याच साच्यातले आहेत. तारखा आणि नामावळ्या समोर ठेवल्या की चित्र बरंच वेगळं दिसतं.

सर्वांत पक्का गैरसमज ‘जंजीर’चा. हा सिनेमा मे १९७३ मध्ये लागला आणि अमिताभ बच्चनचा जन्म झाला, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. खरं तर तोवर त्याला पडद्यावर येऊन साडेतीन वर्षं झाली होती. ‘सात हिंदुस्तानी’ १९६९चा. त्याच वर्षी मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये निवेदकाचा आवाज त्याचाच. ज्या आवाजाला आकाशवाणीनं नाकारल्याची गोष्ट आपण चवीनं सांगतो, तो आवाज चेहऱ्याच्या बरोबरीनंच सिनेमात आला होता. ‘रेश्मा और शेरा’त मात्र त्याला मुक्याची भूमिका मिळाली, योगायोग पाहा! ‘आनंद’साठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पदरात पडलं होतं, ‘परवाना’त तो खलनायक झाला होता आणि ‘बॉम्बे टू गोवा’ लोकांना आवडला होता. या शेवटच्या सिनेमातली मारामारी पाहूनच सलीम-जावेदना तो ‘जंजीर’साठी योग्य वाटला. ठोसा खाऊन खाली पडतो, उठतो, आणि तोंडातलं च्युइंगगम चघळणं काही थांबवत नाही. देव आनंद, राजकुमार, धर्मेंद्र या नावांवरून फिरत फिरत भूमिका त्याच्यापर्यंत आली, हे खरं. पण ती अनोळखी पोराला लागलेली लॉटरी नव्हती.

याच गोष्टीचा उत्तरार्ध म्हणजे ‘जंजीर’नं राजेश खन्नाला संपवलं. पुढचंच वर्ष बघा. १९७४ मध्ये ‘आप की कसम’, ‘रोटी’ आणि ‘प्रेम नगर’ हे तिन्ही त्याचे सिनेमे चालले आणि ‘आविष्कार’साठी सर्वोत्तम अभिनेत्याचं फिल्मफेअरही त्यालाच मिळालं. त्याच वर्षीच्या ‘रोटी कपडा और मकान’मध्ये नायक होता मनोज कुमार, अमिताभ त्याच्या धाकट्या भावाच्या भूमिकेत. उतरण लागली ती नंतर, आणि ती हळूहळू लागली.

पुरस्कारांचा हिशेब तर आणखी गमतीचा. ‘अँग्री यंग मॅन’नं सगळी बक्षिसं लुटली असतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ‘जंजीर’च्या वर्षी सर्वोत्तम अभिनेत्याची फिल्मफेअर बाहुली गेली ‘बॉबी’च्या ऋषी कपूरकडे. ‘दीवार’च्या वर्षी ती ‘आंधी’साठी संजीव कुमारनं नेली, ‘दीवार’मधून अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते शशी कपूरला, सहायक अभिनेता म्हणून. अमिताभला सर्वोत्तम अभिनेत्याचं पहिलं फिल्मफेअर मिळालं ‘अमर अकबर अँथनी’साठी, म्हणजे आरशातल्या स्वतःलाच मलमपट्टी करणाऱ्या दारुड्या अँथनीसाठी. रागानं त्याला गर्दी दिली, बाहुली मात्र विनोदानं दिली. मला हे फार न्यायाचं वाटतं. रागावणं त्याला सोपं जात असावं, अँथनी अवघड होता.

‘शोले’बद्दल तर बोलायलाच नको. पाच वर्षं मिनर्व्हात चाललेल्या या सिनेमाला फिल्मफेअर किती? एक. तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. कॅमेऱ्यापुढच्या कुणालाही काही नाही. अमजद खान ‘शोले’तून पहिल्यांदा पडद्यावर आला, हेही खरं नाही. ‘हिंदुस्तान की कसम’मध्ये (१९७३) तो छोट्या भूमिकेत दिसला होता, आणि गब्बरसाठी आधी ठरलेला डॅनी ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात अडकला म्हणून त्याचं नशीब उघडलं. ‘शोले’तलं रामगढ शोधायला चंबळला जाणाऱ्यांसाठी: ते बंगळूरजवळच्या रामनगरात आहे. आगगाडीवरची लूट मात्र आपल्या पनवेलजवळ चित्रित झाली.

अमोल पालेकरला लोक ‘रजनीगंधा’तून (१९७४) सापडलेला बँकेतला कारकून समजतात. बँकेतली नोकरी खरी, पण तो जे. जे.त शिकलेला चित्रकार, आणि रंगभूमीवर मुरलेला नट. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या मराठी चित्रपटात १९७१ मध्येच तो दिसला होता. शिवाय ‘मध्यमवर्गीय सिनेमा’ म्हणजे बच्चनच्या सावलीतलं छोटं दुकान, ही समजूतही तपासून घ्यावी. १९७९च्या सिनेमांसाठी सर्वोत्तम अभिनेत्याच्या नामांकनात अमिताभ ‘काला पत्थर’ आणि ‘मिस्टर नटवरलाल’ अशा दोन सिनेमांसह होता. जिंकला ‘गोलमाल’चा पालेकर. त्याच ‘गोलमाल’मध्ये अमिताभ पाहुणा म्हणून झळकून जातो.

आता मराठीतलं एक. दादा कोंडके म्हटलं की ‘सोंगाड्या’ (१९७१), कोहिनूर थिएटर आणि बाळासाहेब ठाकरे हा किस्सा सगळ्यांना पाठ. पण ‘सोंगाड्या’ दादांचा पहिला चित्रपट नव्हे. त्याआधी भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) ते होते. ‘सोंगाड्या’चं दिग्दर्शनही त्यांचं नव्हे, गोविंद कुलकर्णींचं. दादा दिग्दर्शक झाले ते ‘पांडू हवालदार’पासून, १९७५ मध्ये. आणि त्याआधी वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’नं त्यांना प्रेक्षकाचा हशा कुठे पिकतो ते शिकवलं होतं. द्वयर्थी शीर्षकांची जी हिंदी यादी लोक त्यांच्या नावावर सांगतात, ती ऐंशीच्या दशकातली आहे.

दूरदर्शनची आठवणही अशीच पुढेमागे सरकलेली असते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण ‘हम लोग’ आलं १९८४ मध्ये आणि रंग आला १९८२ मध्ये. म्हणजे सत्तरीतला टीव्ही कृष्णधवल, आणि त्यावरचे चेहरे मालिकांचे कमी, बातम्यांचे आणि मुलाखतींचे जास्त. स्मिता पाटील याच केंद्रावर मराठी बातम्या वाचत असे. पण ‘मंथन’नं तिला वृत्तनिवेदिकेच्या खुर्चीतून थेट उचललं, हे बरोबर नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या पदविका-चित्रपटात तिनं आधीच काम केलं होतं, आणि ‘मंथन’चे दिग्दर्शक श्याम बेनेगलांबरोबरचं तिचं पहिलं काम होतं ‘चरणदास चोर’ हा बालचित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘भूमिका’साठी, हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर आधारलेल्या भूमिकेसाठी. मालिकेनं घरोघरी पोचवलेला मराठी नट हवाच असेल, तर दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या मालिकेतले दिलीप प्रभावळकर घ्या. तेव्हापासून कितीतरी वर्षं लोक त्यांना चिमणराव म्हणूनच हाक मारत राहिले, आणि बाळ कर्वेंना गुंड्याभाऊ.