लोकलच्या चाकातली घसरण

दादरच्या फलाटावरून लोकल सुटते आहे आणि तिच्या एका चाकाच्या कडेवर कुणी खडूने ठिपका काढला आहे असं समजा. चाक फिरतं आणि पुढेही सरकतं, त्यामुळे ठिपका हवेत एकामागून एक कमानी रेखाटत जातो. या कमानीचं नाव सायक्लॉइड. ती उलटी धरून तिचा अर्धा भाग घेतला की वरून खाली सर्वांत कमी वेळात पोचवणारी वाट मिळते.

लोकलच्या चाकाचा व्यास मीटरभराच्या आसपास असतो. हिशोबाला १ मीटरच धरू. मग आपली वाट १ मीटर खाली उतरते आणि १.५७ मीटर पुढे जाते. तीच दोन टोकं सरळ फळीने जोडली तर फळी १.८६ मीटरची होते. वक्र वाट चांगली २ मीटरची. घर्षण सोडून दिलं तर फळीवरून उतरायला ०.८४ सेकंद लागतात आणि या लांबच्या वाटेने फक्त ०.७१! वक्र वाट सुरुवातीला थेट उभी असते, म्हणून वेग आधीच मिळतो आणि पुढचं अंतर त्या वेगाने झपाट्याने कापलं जातं.

गॅलिलिओला १६३८ साली वर्तुळाचा कंस सर्वांत जलद वाटला होता. १६९६ मध्ये योहान बर्नुलीने हे कोडं युरोपभरच्या गणितज्ञांपुढे टाकलं. न्यूटनने ते एका रात्रीत सोडवून निनावी उत्तर धाडलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मला अधिक सुंदर वाटते ती बर्नुलीची स्वतःची युक्ती. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वळतो, कारण तो कमीत कमी वेळाची वाट धरतो. बर्नुलीने घसरणाऱ्या मण्याला प्रकाशकिरण मानलं, खाली जाताना वेग वाढवणारे पातळ थर कल्पिले, आणि वळत वळत आलेला किरण सायक्लॉइडवरच उतरला.

त्याआधी १६५९ मध्ये हायगेन्सला या वक्राचा आणखी एक गुण सापडला होता: मणी कुठूनही सोडा, तळाशी पोचायला तेवढाच वेळ लागतो.

गिरगाव-परळच्या शिक्षकांना विनंती: यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात हे करून घ्या. मोठ्या डब्याचं झाकण पट्टीच्या कडेने घरंगळवून पुठ्ठ्यावर कमान काढा, त्या आकारात वायरिंगची केसिंग पट्टी वाकवा आणि शेजारी सरळ पट्टी लावा. गोट्या घरंगळत असल्याने दोन्हीकडे वेळ थोडा जास्त लागेल, पण वक्रावरचीच आधी पोचेल.