मांजर आपल्याकडे टक लावून का पाहते?

दर पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली की मुलांना प्रश्न विचारण्याची मोकळीक असते. बहुधा प्रश्न परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे असतात. एका वर्षावासात मात्र सातवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "मांजर माणसाकडे टक लावून बघतं, म्हणजे ते काही पाप करतं का?" मोठी माणसे हसली. मुलगा हसला नाही. मागाहून कळले की, त्याचे आजोबा बरेच महिने अंथरुणाला खिळून आहेत आणि घरातले मांजर रोज त्यांच्या खाटेसमोर बसून त्यांच्याकडे एकसारखे पाहत असे. शेजारचे कोणीतरी म्हणाले, "हे लक्षण बरे नव्हे, मांजराला पुढचे दिसते." झाले! दोन दिवसांत मांजर पोत्यात घालून कालव्यापलीकडे सोडण्यात आले.

त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच त्या मुलाला नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. "अंधश्रद्धा मानू नये," एवढे सांगून आम्ही वेळ निभावून नेली. परंतु मानू नये म्हटल्याने ते मांजर का पाहत होते, याचा उलगडा होत नाही. तो उलगडा करण्यासाठी आम्ही थोडे वाचन केले, जाणकारांना विचारले आणि त्या मुलाच्या घरीही जाऊन आलो. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

नजरेविषयी आपल्या लोकांच्या मनात फार जुनी भीती आहे. तान्ह्या मुलाला गालबोट लावायचे, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या, मांजर आडवे गेले की चार पावले मागे फिरायचे, बाळंतिणीच्या खोलीत मांजर येऊ द्यायचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याला सत्तर वर्षे होत आली, तरी हे प्रकार आपल्या घरांतून पुरते गेलेले नाहीत. बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. ती म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पोत्यात कोंडलेले मांजर येत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट आम्हांला जाणवते. आपल्या आजे-पणजे मंडळींना चावडीपुढून मान खाली घालून जावे लागे. कोणी वर पाहिलेच तर "डोळे वर करून बघतोस काय?" म्हणून दरडावले जाई. आपल्याच तालुक्यात हरेगावला १९३९ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनदारांची परिषद झाली, तिच्या आठवणी सांगणारी पिढी आता राहिली नाही. परंतु रोखून पाहणे म्हणजे राग, धमकी किंवा काहीतरी वाईट येऊ घातले आहे, हा अर्थ आपल्या अंगात भिनलेला आहे. माणसाच्या बाबतीत तो पुष्कळदा खराही असतो. मांजराला मात्र तो लागू करता येत नाही, कारण त्याचा डोळा निराळा आणि त्याची रीतही निराळी.

प्रथम डोळ्याविषयी. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या लववतो. मांजर त्या मानाने फार कमी वेळा पापण्या लववते, त्यामुळे ते सहज पाहत असले तरी आपल्याला टक लावल्यासारखे वाटते. त्याची बाहुली उन्हात उभ्या फटीसारखी बारीक होते व अंधारात गोल आणि मोठी होते. डोळ्याच्या पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. आत आलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो. रात्री बॅटरीच्या उजेडात मांजराचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात ते या थरामुळे, त्यात भुताखेताचा काही संबंध नाही. आपल्याला दिसण्यासाठी जेवढा उजेड लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यात मांजराचे भागते. उलट नाकापासून वीतभर अंतरावरची वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही, तेथे ते मिशांचा उपयोग करते. हालचाल टिपण्यात मात्र त्याचा हात धरणारा विरळाच. थोडक्यात, हा डोळा शिकाऱ्याचा आहे, आणि शिकारी पाहतो तो स्थिर राहूनच.

मांजर भिंतीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत बसते तेव्हा घरातल्या बायाबापड्या घाबरतात. येथे डोळ्यापेक्षा कान कामाला लागलेला असतो. माणसाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला साठ हजारांच्याही वरचा. उंदराची पिल्ले ज्या बारीक आवाजात चिरकतात तो आपल्याला ऐकूच येत नाही. फडताळामागे पाल किंवा उंदीर असतो, आणि आपण मात्र तेथे पूर्वज आले असे समजतो!

आता माणसाकडे पाहण्याविषयी. मांजर माणसाजवळ आले ते धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कणग्या भरल्या, उंदीर जमले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या सहवासात मांजर माणसाला चांगले ओळखू लागले आहे. कोण घास देते, कोण झाडू उगारते, कोणाच्या उठण्याने स्वयंपाकघराचे दार उघडते, हे ते पाहून पाहून शिकते. भूक लागली की पाहते, दार उघडून हवे असले की पाहते, आणि पोट भरलेले असतानाही घरात काय चालले आहे म्हणून पाहते. काही अनोळखी वस्तू दिसली की बहुतेक मांजरे तिच्याकडे आणि मालकाकडे आळीपाळीने पाहतात, असे २०१५ सालच्या एका अभ्यासात आढळले. घाबरलेले लेकरू आईच्या तोंडाकडे पाहते, त्यातलाच हा प्रकार.

रागाची नजर वेगळी. अंग ताठ, कान मागे चिकटलेले, शेपटी झटकत असलेली: दोन बोके गल्लीत समोरासमोर येतात तेव्हा हे पाहायला मिळते. भ्यालेल्या मांजराची बाहुली भर उजेडातही मोठी असते. म्हातारे मांजर मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी शून्यात पाहू लागले आणि वस्तूंवर आदळू लागले, तर त्याची दृष्टी गेलेली असू शकते. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

आपल्या धम्मग्रंथांतही पाहत बसलेले मांजर आहे, हे वाचून आम्हांला मौज वाटली. संयुत्त निकायात उकिरड्याजवळ उंदरावर टपून बसलेल्या मांजराचा दृष्टान्त आहे. ते हावरेपणाने उंदीर जिवंत गिळते आणि तो उंदीर आतून त्याची आतडी कुरतडतो. इंद्रियांवर ताबा नसलेल्या भिक्खूची गत तशीच होते, असे तेथे सांगितले आहे. उलट मिलिंदपञ्हात भदंत नागसेन त्याच मांजराचा गुण घ्यायला सांगतात. मांजर कोठेही गेले तरी उंदीरच शोधते आणि जवळच्या जवळ शोधते. साधकानेही तसेच दूर न भटकता आपल्या ठायी असलेल्या पाच स्कंधांचा उदय आणि व्यय पाहत राहावे. एकाच प्राण्याची नजर एका ठिकाणी हाव म्हणून येते, तर दुसऱ्या ठिकाणी एकाग्रता म्हणून. भविष्य सांगणारी म्हणून ती या दोन्ही ठिकाणी येत नाही.

मांजर पाहू लागले तर आपण काय करावे? उलट रोखून पाहू नये, त्याला ते आव्हान वाटते. आपले डोळे अर्धवट मिटावेत, क्षणभर पूर्ण मिटावेत, सावकाश उघडावेत आणि तोंड किंचित बाजूला वळवावे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, माणसाने असे केले असता मांजरेही डोळे बारीक करून प्रतिसाद देतात आणि परक्या माणसाच्या हाताजवळही अधिक सहज येतात, असे दिसून आले. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करून पाहावा, त्याला पैसा लागत नाही. मात्र मांजराला कोपऱ्यात कोंडू नये, आणि रागावलेल्या मांजराला हात लावू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, चुना-तिखट काही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीज मांजरापासूनही होतो. गरोदर स्त्रियांनी मांजराच्या विष्ठेपासून मात्र दूर राहावे, तिच्यातून एक रोग गर्भाला होऊ शकतो. भीती बाळगायची तर ती या गोष्टीची, नजरेची नव्हे. आणि पाळलेले मांजर पोत्यात घालून दूर टाकणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही माहीत असावे.

आपल्या भागातील ऊसतोडणीच्या बांधवांसाठी एक शब्द. उसाच्या फडात आता बिबट्याही राहतो. घरच्या मांजराचा नियम त्याला लावू नये. समोर दिसला तर पळू नये, खाली वाकू किंवा बसू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून मोठ्याने बोलत मागे सरकावे. फडात पिल्ले सापडली तर ती वाघाटीची, रानमांजराची की बिबट्याची, हे ठरविण्याच्या भरीस न पडता हात न लावता वन खात्याला कळवावे.

आता त्या मुलाच्या घराविषयी. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे चार वाजायला आले होते. सूनबाईंनी आजोबांना दूध आणि टोस्ट आणून दिला. आजोबांनी अर्धे दूध बशीत ओतले आणि बशी खाटेखाली ठेवली. सूनबाई म्हणाल्या, "असं रोज करतात. मांजर गेलं तरी ऐकत नाहीत." आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुलाच्याही लक्षात आले. त्या घरात मांजराला रोज ठरल्या वेळी खायला घालणारे माणूस एकच होते, आणि मांजर त्याच्याकडे पाहत होते. सूनबाई बराच वेळ गप्प राहिल्या.

मांजर काही परत आले नाही. दिवाळीच्या सुमारास त्या घरात एक पिल्लू आणले गेले. ते अजून आजोबांकडे पाहत नाही, खाटेखालीच दबून बसते. चार वाजले की मुलगा बशी घेऊन जमिनीवर बसतो आणि सावकाश डोळे मिटतो.