निवडणुकीचे साक्षी आणि त्यांचें वेतन

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिच्यांत कांहींच तथ्य नसतें, तर न्यायालयांत साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचें प्रयोजनच उरलें नसतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत साक्षी कोणास करूं नये हें सांगतांना, ज्यांचा द्रव्यसंबंध आहे असे लोक, आप्त, सहायक आणि वैरी यांस वगळलें आहे. हा जुना दंडक आज एका नव्या व्यवहारास लावून पाहण्याजोगा आहे.

एका देशांत निवडणूक होते, आणि ती सरळपणें झाली कीं नाहीं हें पाहण्यास दुसऱ्या देशांतून माणसें येतात. त्यांचा अभिप्राय दुसऱ्याच दिवशीं जगभर प्रसिद्ध होतो. या साक्षींचें प्रवासभाडें, निवासाचा खर्च आणि वेतन देतो कोण? बहुतेक वेळां उत्तर एकच येतें : कोणतें तरी सरकार. मग त्यांच्या साक्षीची किंमत काय धरावी?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ सालीं पॅरिसचा तह झाला. मोल्डाव्हिया व वालाकिया हे डॅन्यूबकांठचे दोन प्रांत एक करावे कीं काय, याविषयीं तेथील रहिवाशांचें मत प्रतिनिधी निवडून अजमावावें असें ठरलें, आणि त्यावर लक्ष ठेवण्यास युरोपांतील राष्ट्रांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. परंतु फ्रान्स व रशिया एकीकरणास अनुकूल, तर ऑस्ट्रिया व तुर्कस्तान प्रतिकूल. जुलै १८५७ मध्यें मोल्डाव्हियांत मतदारांच्या याद्यांत उघड लबाडी झाली. पण ती कोणीं किती मनावर घ्यावी, हें ज्याच्या त्याच्या दरबाराच्या धोरणावर ठरलें. अखेर फ्रान्सादि राष्ट्रांनीं तुर्कस्तानशीं संबंध तोडले, तेव्हां ती निवडणूक रद्द होऊन सप्टेंबरांत पुन्हां झाली आणि एकीकरणवाद्यांस मोठा विजय मिळाला. न्याय झाला हें खरें, पण तो साक्षींच्या निःस्पृहपणामुळें नव्हे, बलाढ्य राष्ट्रांच्या दडपणामुळें झाला.

यापेक्षां चांगला मार्ग सुदानांत निघाला, आणि त्यांत आपल्या देशाचा भाग आहे. १९५३ सालीं इंग्लंड व इजिप्त यांच्यांत करार होऊन सुदानांत निवडणुका घेण्यासाठीं सात जणांचें मंडळ नेमलें गेलें. त्यांत तीन सुदानी, आणि इजिप्त, इंग्लंड, अमेरिका व हिंदुस्थान यांचा प्रत्येकीं एक सभासद होता. अध्यक्षपद हिंदी सभासदाकडे, म्हणजे आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्याकडे आलें. इंग्लंड व इजिप्त या दोघांचाहि सुदानावर डोळा होता. हिंदुस्थानास तेथें कांहीं मिळवावयाचें नव्हतें. सरकारनें पाठविलेला मनुष्यहि विश्वासार्ह ठरूं शकतो, मात्र त्या सरकारचा वादांत स्वार्थ नसावा, हा या उदाहरणाचा बोध.

आजची व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. युरोपांतील सुरक्षा व सहकार्य संघटनेंत ५७ राष्ट्रें असून तिचें निवडणुकींचें कार्यालय वॉर्सा येथें आहे. राजधानींत बसून कायदे, वृत्तपत्रें व मतमोजणी यांचा अभ्यास करणारे दहा-पंधरा तज्ज्ञ हें कार्यालय स्वतःच्या अंदाजपत्रकांतून नेमतें. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांत कित्येक आठवडे राहणारे दीर्घकालीन निरीक्षक, आणि मतदानाच्या थोडे दिवस आधीं येणारे शेंकडों अल्पकालीन निरीक्षक, हे सभासद राष्ट्रें आपापल्या खर्चानें धाडतात. जर्मन सरकारनें याकरितां माणसें निवडून शिकविण्याचें काम २००२ सालीं बर्लिनमध्यें स्थापन केलेल्या एका केंद्राकडे दिलें. अमेरिकेचें परराष्ट्रखातें बराच काळ हेंच काम खाजगी कंपन्यांस कंत्राटानें देत आलें. साहजिकच संपन्न राष्ट्रांचे लोक फार आणि गरीब राष्ट्रांचे थोडे, असा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठीं ऐच्छिक देणग्यांचा एक निधि ठेवला आहे, आणि एका जोडींत दोन भिन्न राष्ट्रांचे निरीक्षक घालण्याची चाल आहे. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा जागा असावा, हा त्यांतला हेतु. युरोपीय संघ याहून निराळें करतो : नांवें सभासद राष्ट्रें सुचवितात, पण निवड व खर्च संघाचा असतो.

इतकें करूनहि साक्षी परस्परविरुद्ध पडतात. नोव्हेंबर २००४ मध्यें युक्रेनच्या अध्यक्षीय निवडणुकीची दुसरी फेरी झाली. पूर्वीच्या सोव्हिएत राष्ट्रांच्या राष्ट्रकुलानें पाठविलेल्या निरीक्षकांनीं ती न्याय्य ठरविली, तर वॉर्साच्या कार्यालयानें ती कसोटीस उतरली नाहीं असें म्हटलें. दोन्ही पथकें सरकारांनींच पाठविलेलीं. तेथील सर्वोच्च न्यायालयानें ३ डिसेंबर रोजीं ती फेरी रद्द केली. २६ डिसेंबरच्या फेरमतदानास एकट्या कानडानें माजी पंतप्रधान जॉन टर्नर यांच्या नेतृत्वाखालीं ५०० निरीक्षक धाडले.

मग सरकारी पैसा अजीबात वर्ज्य करावा काय? तसें केल्यास हें काम बंदच पडेल. २७ ऑक्टोबर २००५ रोजीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघांत अशा मंडळांनीं मिळून कांहीं तत्त्वें जाहीर केलीं. पैसा कोठून येतो तें उघड सांगावें. ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्यास पथकांत घेऊं नये. आणि ज्या देशाची निवडणूक पाहावयाची त्याच्या सरकारकडून पैसा घेऊं नये, अशीं तीं आहेत. एका दात्यावर विसंबण्याचा धोका मात्र २०२५ सालीं दिसून आला. जानेवारींत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं परदेशांस द्यावयाचें साहाय्य रोखून धरलें, आणि निवडणुकांचें निरीक्षण करणाऱ्या नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूट व इंटरनॅशनल रिपब्लिकन इन्स्टिट्यूट या संस्थांस आपलीं पुष्कळ माणसें कमी करावीं लागलीं. तेथें पोळीच्या लोभानें टाळी वाजविण्याचा प्रश्न नव्हता. पोळीच नाहींशी झाली तर साक्षीहि नाहींसा होतो.

निःस्पृह साक्षीचीहि दृष्टि अपुरी पडते, हें विसरतां येत नाहीं. ऑगस्ट २०१७ मध्यें केनियांतील मतदानाची परदेशी निरीक्षकांनीं बरीच प्रशंसा केली. परंतु १ सप्टेंबर रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती अध्यक्षीय निवडणूकच रद्द ठरविली. कारण दोष मुख्यतः निकाल कळविण्याच्या व्यवस्थेंत निघाला. मतदानकेंद्रांतील रांग शिस्तीची होती, एवढ्यावरून पुढील सर्व व्यवहार शुद्ध ठरत नाहीं. आपल्याकडे मतदानकेंद्रांवर राबलेल्या आम्हां शिक्षकांस हें निराळें सांगावयास नको; पेटी मोहोरबंद झाली म्हणजे काम संपलें, असें कधींच होत नाहीं.

तेव्हां घरांतील मुलांस वर्तमानपत्र वाचावयास देतांना एवढें शिकवावें. ‘परदेशी निरीक्षकांच्या मतें निवडणूक निर्दोष’ किंवा ‘सदोष’ असें वाचलें, कीं चार प्रश्न विचारावे. निरीक्षक कोणकोणत्या देशांचे होते? ते मतदानाच्या दिवसापुरते आले, कीं महिनाभर राहिले? त्यांचा खर्च कोणीं केला, आणि त्या खर्च करणाऱ्यास कोण निवडून यावें असें वाटत होतें? शेवटीं, त्यांनीं केवळ अभिप्राय दिला, कीं काय पाहिलें तेंहि सविस्तर लिहिलें? वेतन घेणारा प्रत्येक साक्षी खोटा नसतो. पण वेतन लपविणाऱ्याची साक्ष मात्र जपूनच घ्यावी.