अ‍ॅजाइल कोच : संघाला स्वतःकडे पाहायला शिकवणारा

मागील वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आले होते. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सर, पोरगा पुन्यात कोच झाला म्हन्ते. कोन्या खेळाचा कोच हाय थो?" प्रश्न साधा होता, परंतु आम्हालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पुढे दिवाळीच्या सुट्टीत तो विद्यार्थी शाळेत आला, तेव्हा त्याच्याशी दोन दिवस बोललो, काही वाचन केले आणि ध्यानात आले की हे काम खेळाचे नसले तरी खेळाच्या मैदानाशी त्याचे नाते आहे. त्याहून अधिक जवळचे नाते भिक्खू संघाच्या परंपरेशी आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंतच्या कंपन्यांत काम करतात. त्यांच्या पालकांना या कामाची ओळख व्हावी आणि आपल्या संस्थेनेही त्यातून काही घ्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

अ‍ॅजाइल पद्धत म्हणजे काय?

'अ‍ॅजाइल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ चपळ, लवचिक. संगणकाचे सॉफ्टवेअर पूर्वी इमारत बांधावी तसे तयार केले जाई. आधी संपूर्ण आराखडा, मग जाडजूड कागदपत्रे, मग बांधणी, मग तपासणी आणि सर्वांत शेवटी ग्राहकाच्या हाती वस्तू. या क्रमाला वर्ष-दोन वर्षे लागत. तोवर ग्राहकाची गरज बदललेली असे आणि पहिल्या महिन्यातली चूक शेवटच्या महिन्यात उघड होई. तेव्हा ती दुरुस्त करणे फार महाग पडे.

आपल्या वाशीम जिल्ह्यातला सोयाबीन पेरणारा शेतकरी असा वागत नाही. मृगात ठरवलेले वेळापत्रक तो हस्तापर्यंत तसेच रेटत नाही. पाऊस पाहून पेरतो, तण पाहून डवरणी करतो, कीड पाहून फवारणी ठरवतो आणि उगवण फसली तर छातीवर दगड ठेवून दुबार पेरणीही करतो. हाती नियोजन असते. परंतु शेताकडे पाहून ते बदलण्याची तयारीही असते. अ‍ॅजाइल पद्धतीचे सार हेच आहे.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात चार मूल्ये आणि त्यामागे बारा तत्त्वे आहेत. साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, कागदपत्रांपेक्षा प्रत्यक्ष चालणारी वस्तू, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, यांना त्यांनी अधिक मोल दिले.

या विचाराची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत. 1986 मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी नवीन उत्पादने घडवणाऱ्या कंपन्यांवर लेख लिहिला. रग्बीच्या खेळात सारा संघ मिळून चेंडू पुढे नेतो, त्याप्रमाणे या कंपन्यांतील गट काम करतात, असे त्यांनी दाखवले. 'स्क्रम' हे आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या अ‍ॅजाइल पद्धतीचे नाव त्याच खेळातून आले. टोयोटाच्या कारखान्यात तर कोणताही कामगार दोष दिसताच दोरी ओढून इशारा देऊ शकतो आणि दोष दूर झाला नाही तर पुढचे काम थांबते. दोष दाखवणे हा तेथे कामाचाच भाग मानला जातो.

प्रत्यक्ष व्यवहारात आठ-दहा जणांचा गट एक ते चार आठवड्यांचे छोटे टप्पे आखतो. या टप्प्याला 'स्प्रिंट' म्हणतात. रोज पंधरा मिनिटांची बैठक होते. बरेच गट ती उभ्यानेच घेतात, म्हणजे ती लांबत नाही. टप्प्याच्या शेवटी तयार झालेला भाग संबंधितांना दाखवला जातो. त्यानंतर गट स्वतःपुरता एकत्र बसून विचार करतो, की आपण काम कसे केले, कोठे अडलो, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलायची. या शेवटच्या बैठकीला 'रेट्रोस्पेक्टिव्ह' म्हणतात. मराठीत आपण सिंहावलोकन म्हणू.

कोच नेमके काय करतो?

नियम एवढे सोपे आहेत, तर वेगळ्या कोचची गरज काय? याचे उत्तर असे, की नियम एका दिवसात शिकता येतात. सवयी तशा बदलत नाहीत. वर्षानुवर्षे साहेबाच्या आज्ञेवर चालणाऱ्या गटाला "आता तुम्हीच ठरवा" असे सांगितले, तर तो पुन्हा साहेबाच्याच तोंडाकडे पाहतो. येथे कोचचे काम सुरू होते.

कोच हा मुकादम नव्हे. तो कामे वाटत नाही, हजेरी घेत नाही, कोणाची पगारवाढ ठरवत नाही. आरंभी तो शिकवतो. मग बैठका अशा घडवतो, की मोठ्या आवाजाची दोनच माणसे न बोलता सर्वांना बोलता येईल. पुढे तो अधिकाधिक पाहतो, ऐकतो आणि प्रश्न विचारतो. 'हे काम तीन वेळा का परत आले?' असा त्याचा प्रश्न असतो. 'हे कोणी बिघडवले?' असे तो विचारत नाही. एका गटापुरते हे काम करणाऱ्यास सामान्यतः 'स्क्रम मास्टर' म्हणतात. कोच अनेक गटांबरोबर आणि वरिष्ठांबरोबरही काम करतो. कारण पुष्कळदा अडचण गटात नसते, वर असते. परवानगीसाठी सात सह्या लागत असतील, एकाच माणसाला चार कामांवर जुंपले असेल, तर खालच्या गटाला कितीही चपळाई शिकवून उपयोग नाही. ही गोष्ट वरिष्ठांना आदराने परंतु स्पष्टपणे सांगणे हा कोचच्या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे, असे आमच्या विद्यार्थ्याने सांगितले.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका अ‍ॅमी एडमंडसन यांचा एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. रुग्णालयांतील चांगल्या गटांकडून औषध देण्यातल्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आढळले उलटेच. चांगल्या गटांतून अधिक चुकांची नोंद येत होती. शोध घेता उलगडा असा झाला, की त्या गटांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे. तेथे चुका मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या भीतीपोटी दडवल्या जात. कोच ज्या वातावरणासाठी झटतो, ते हेच निर्भय वातावरण होय.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे सिंहावलोकन

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून हे सारे समजून घेताना आम्हाला विनयपिटकाची आठवण झाली. भिक्खू दर पंधरवड्याला उपोसथासाठी एकत्र येत आणि नियमांचे पठण होई. तीन महिन्यांच्या वर्षावासानंतर प्रवारणा होई. त्या वेळी प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करी, की माझ्याकडून घडलेले जे काही तुम्ही पाहिले, ऐकले किंवा ज्याची तुम्हाला शंका आली, ते मला करुणेने सांगा; मी ते सुधारीन. विशेष हे, की आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होई. वरिष्ठाने आधी स्वतःला टीकेसाठी खुले करावे, मग कनिष्ठाला बोलण्याचे धैर्य येते, हे मानवी मनाचे मर्म तथागतांच्या संघाने ओळखले होते.

संघातील ज्येष्ठता जन्मावर नव्हे, तर प्रव्रज्येच्या क्रमावर ठरे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले, तेव्हा आपला अभिमान गळावा म्हणून त्यांच्याच विनंतीवरून उपाली या नाभिकाला प्रथम प्रव्रज्या देण्यात आली. त्यामुळे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न याच उपालींना विचारले गेले.

हा वारसा आपल्या मातीपासून दूरचा नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्खू संघाला अर्पण केले; तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. हे लेणे म्हणजे विहार, भिक्खूंचे निवासस्थान. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघांचा उल्लेख केला होता. ठराव, गणसंख्या, मतदान यांचे नियम संघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाच्या निदर्शनास आणले. त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजेचा धोकाही त्यांनी दाखवला. सारी बुद्धी एका माणसापाशी गहाण टाकणारी संस्था त्या माणसाबरोबरच थांबते, हे आपल्या चळवळीने पुरेसे अनुभवले आहे.

अडचण कोठे येते?

अर्थात कंपन्यांत सारे आदर्श आहे असे नाही. दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून कोच होणारे आहेत. रोजची पंधरा मिनिटांची बैठक पुष्कळ ठिकाणी साहेबाला हिशेब देण्याची बैठक होते. गटाने स्वतःच्या अंदाजासाठी ठेवलेले आकडे त्याच गटाच्या पाठीवर चाबूक म्हणून वापरले जातात. आपल्या देशात यात आणखी एक भर पडते. ज्या समाजात वडीलधाऱ्यांपुढे, वरच्या जातीपुढे, साहेबापुढे गप्प राहणे ही शालीनता मानली गेली, तेथे "तुमची चूक झाली" हे वाक्य कनिष्ठाच्या ओठांवर सहज येत नाही. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, मीच पहिली दोन वर्षं मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतं. वसतिगृहात शिकलो होतो की गप्प बसणारा चांगला मुलगा." हे ऐकून आम्ही निरुत्तर झालो.

आपल्या वसतिगृहात

निरुत्तर होण्यास कारण होते. वसतिगृहातील तक्रारपेटी वर्षभर रिकामी राहिली, याचा आम्हाला अभिमान वाटत असे. त्याच वर्षी आठवीतला एक मुलगा सुट्टीनंतर परतला नाही. पुढे मुलांकडून कळले, की सकाळी नळावर मोठी मुले त्याचा नंबर मागे ढकलत. त्यामुळे त्याला प्रार्थनेला रोज उशीर होई आणि उशिराबद्दल आम्ही त्याला रोज उभे करत असू. त्याने सांगितले नाही; आम्ही विचारले नाही. आम्ही त्याच्या गावी गेलो तोवर तो आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर निघून गेला होता. तो शाळेत परत आला नाही.

हे ऐकल्यावर आमच्या कोच विद्यार्थ्याने सुट्टीनंतर चार शनिवार शाळेसाठी दिले. दर शनिवारी अर्धा तास गोलाकार बैठक आणि तीनच प्रश्न : काय चांगले झाले, काय खटकले, पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट बदलू. पहिल्या दोन शनिवारी मुलांनी आमची स्तुतीच केली. तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "सर, तुम्ही फार बोलता. आज तुमच्यापासून सुरुवात करा, आणि मग मागे बसा." तिसऱ्या शनिवारी आम्ही उभे राहून त्या मुलाविषयीची आमची चूक सर्वांसमोर सांगितली आणि मागे जाऊन बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, लहान मुलांचा नंबर आधी लावा ना." त्याच बैठकीत मुलांनी खोलीवार पाळ्या ठरवल्या, एक आठवडा त्या करून पाहिल्या आणि पुढच्या शनिवारी त्यांत स्वतःच दुरुस्ती केली.

चौथ्या शनिवारी आमचा विद्यार्थी एक शब्दही न बोलता कोपऱ्यात बसून राहिला. बैठक नववीतल्या मुलांनी चालवली. पाचव्या शनिवारी तो पुण्यात होता आणि बैठक ठरल्या वेळी झाली. कोचचे काम जमले की नाही, याची खूण तो गेल्यावर दिसते, हे आम्हाला त्या दिवशी उमगले. तथागतांनीही आपल्यामागे कोणी उत्तराधिकारी नेमला नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे मार्गदर्शक, असे सांगून संघाला त्याच्याच पायांवर उभे केले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपण शाळेला देणगी देता, याबद्दल संस्था ऋणी आहेच. त्यासोबत वर्षातले चार शनिवारही द्यावेत. कंपनीत शिकलेली ही सिंहावलोकनाची रीत मुलांना, शिक्षकांना आणि संस्थेच्या कार्यकारिणीलाही शिकवावी. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला गुणांबरोबर "तुला तिथं काय खटकते?" हे अवश्य विचारावे. आणि त्या वडिलांना आमचे उशिरा दिलेले उत्तर असे : भाऊ, आपला मुलगा कोणत्याही खेळाचा कोच नाही. गप्प बसलेल्या माणसांना बोलते करण्याचे आणि मग स्वतः बाजूला होण्याचे काम तो करतो. ते त्याने आपल्या शाळेतही केले.

जय भीम.