बेटी विल्सन : अकरा सामन्यांची कारकीर्द

क्रिकेटच्या खेळांत अष्टपैलू हा शब्द आपण फार सढळ हातानें वापरतों. दोन-चार षटकें टाकूं शकणारा फलंदाज किंवा शेवटीं येऊन दहा-वीस धांवा जोडणारा गोलंदाज, दोघांनाही ती पदवी देऊन आपण मोकळे होतों. जिच्या बाबतींत ती अक्षरशः खरी ठरली अशा एका ऑस्ट्रेलियन स्त्रीची ओळख आज श्रोत्यांना करून द्यावयाची आहे.

बेटी विल्सन हिचा जन्म १९२१ सालीं मेलबर्न येथें झाला. वडील जोडे शिवणारे; मुलीचे खेळावयाचे बूट त्यांनीं स्वतःच्या हातानें करून दिले. आईच्या मोज्यांत चेंडू घालून तो कपडे वाळत घालण्याच्या दोरीला टांगावयाचा आणि त्यावर बॅट चालवावयाची, ही तिची शाळा. दहाव्या वर्षीं ती स्त्रियांचा सामना पाहावयास गेली असतां सीमेबाहेर आलेला चेंडू तिनें असा कांहीं फेकला कीं, त्या संघानें तिला आपल्यांतच घेतलें. सोळाव्या वर्षीं ती व्हिक्टोरिया प्रांताकडून खेळूं लागली.

मग युद्ध आलें. स्त्रियांचा पहिला कसोटी सामना १९३४ च्या डिसेंबरांत ब्रिस्बेन येथें झालेला होता. परंतु युद्धानें तें सारें थांबविलें, आणि विल्सनला पहिली कसोटी मिळाली ती १९४८ च्या मार्चमध्यें, वेलिंग्टन येथें, न्यूझीलंडविरुद्ध. तोंवर तिनें सव्विशी गांठली होती. त्या पदार्पणांतच तिनें एका डावांत ९० धांवा काढल्या आणि सामन्यांत १० बळी घेतले. पुढल्या वर्षीं ॲडलेड येथें इंग्लंडविरुद्ध १११ धांवा व ९ बळी! वर्तमानपत्रें तिला स्त्रियांतील ब्रॅडमन म्हणूं लागलीं. उपमा गौरवाची खरी, पण मला ती तोकडी वाटते. ब्रॅडमननें सबंध कसोटी कारकीर्दींत दोनच बळी मिळविले.

तिच्या खेळाचा कळस म्हणजे १९५८ च्या फेब्रुवारींत मेलबर्नच्या सेंट किल्डा भागांत झालेला इंग्लंडविरुद्धचा सामना. खेळपट्टी पावसानें भिजलेली. ऑस्ट्रेलियाचा सारा डाव ३८ धांवांत आटोपला. इंग्लंडच्या मेरी डगन हिनें अवघ्या ६ धांवा देऊन ७ बळी घेतले. विल्सनच्या १२ धांवा, ह्याच त्या डावांतील सर्वांत अधिक. मग चेंडू तिच्या हातीं आला. तिची गोलंदाजी ऑफब्रेकची, म्हणजे उजव्या हातानें खेळणाऱ्याच्या बाहेरून आंत वळणारी. ओल्या खेळपट्टीवर असा चेंडू केव्हां उसळेल आणि केव्हां सरपटेल ह्याचा भरंवसा नसतो. तिनें ७ धांवांत ७ गडी बाद केले, त्यांत तीन लागोपाठच्या चेंडूंवर तीन. स्त्रियांच्या कसोटींतील ही पहिलीच हॅटट्रिक. इंग्लंडचा डाव ३५ वर संपला. दुसऱ्या डावांत तिनें १०० धांवा केल्या आणि पुन्हां ९ धांवांत ४ बळी मिळविले. सामना मात्र अनिर्णित राहिला. इंग्लंडचे शेवटचे गडी चिवटपणें टिकून राहिले.

एकाच कसोटींत शतक आणि दहा बळी हा योग तोंवर कोणालाही, पुरुषालासुद्धां, साधला नव्हता. पुरुषांत तो प्रथम साधला इयान बोथमला, १९८० सालीं, तोही आपल्या मुंबईंत, वानखेडे मैदानावर. तत्पूर्वीं १९७९ सालीं इंग्लंडच्या एनिड बेकवेल हिनें बर्मिंगहॅम येथें तें करून दाखविलें होतें. म्हणजे बोथमचा क्रमांक तिसरा. वानखेडेवर टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं किती जणांना हें ठाऊक असेल?

विल्सनच्या एकूण धांवा ८६२, सरासरी ५७.४६, बळी ६८, प्रत्येकीं ११.८० धांवा देऊन. फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीहून अधिक असेल तर खेळाडू खरा अष्टपैलू, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. येथें ती जवळजवळ पांचपट आहे.

परंतु आंकड्यांपेक्षां मला तारखा अधिक बोलक्या वाटतात. दहा वर्षांत सामने अकरा! १९५१ च्या इंग्लंड-दौऱ्यानंतरची कसोटी तिला मिळाली ती १९५७ सालीं. तिचा खेळ उतरला होता म्हणून नव्हे. सामनेच होत नव्हते. खेळाबद्दल मोबदला नाहींच. दौऱ्यांसाठीं तिनें ठरलेलें लग्न पुढें ढकललें, आणि अखेर तें मोडलें. पुरुष खेळाडूपुढें कोणी असा पेंच टाकल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

२०१० च्या जानेवारींत ती वारली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें आपल्या सन्मानसूचींत तिचें नांव घातलें तें २०१५ सालीं. त्याच वर्षीं त्या सूचींत आपल्या अनिल कुंबळे यांचेंही नांव आलें.