ठाण्याचा वळसा

साडेआठ वाजलेत. जलद लोकल डोंबिवलीत थांबते. महिलांचा डबा कल्याणलाच भरून आलाय. पाय ठेवते न ठेवते तोच मागून विचारणा होते, "ताई, ठाणं?" मी मान हलवते. ठाण्याला उतरणारीनं दाराच्या वाटेवर राहायचं, दादर-भायखळ्याच्या बायकांनी आत सरकायचं, हा इथला नियम.

शेजारची मुलगी ऐरोलीला कंपनीत आहे. पदवीधर, नवी नोकरी, पाठीवरची सॅक पोटाशी घेतलेली.

"बसनं शीळफाट्यावरून का नाही जात?" मागची मावशी विचारते.

"गेले होते की. सकाळी चालून जातं. संध्याकाळी काटईलाच तास मोडतो."

"आणि मेट्रो?"

"ती भिवंडीवरून येणार, मावशी. कल्याणला."

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो जवळपास 25 किलोमीटरची. 2018 च्या डिसेंबरात कल्याणला तिचं भूमिपूजन झालं. भिवंडीहून मुंबईला थेट लोकल नाही, तिथे मेट्रो हवीच. कल्याण-तळोजा मेट्रो डोंबिवलीच्या एमआयडीसीकडून जाणार आहे. पण या मुलीला हवंय ऐरोली, आणि तिथे नेणारी यातली एकही नाही.

मुंब्रा येतंय. वळणावर गाडी कलते तशा दारातल्या दोघी आत रेटतात, आतल्या कुरकुर न करता श्वास आवळून जागा देतात. 9 जून 2025 ला इथेच दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट वेगळी झाली. दारातली गर्दी मात्र आहे तेवढीच आहे.

कळवा न थांबता मागे पडतं. ऐरोली खाडीच्या याच काठावर आहे. तरी आमची गाडी पूल ओलांडून ठाण्यात शिरते. दार मोकळं होतं, आम्ही ढकलल्या जात उतरतो, आणि जिना चढणारा लोंढा आम्हाला नऊ-दहा नंबरच्या फलाटांकडे ओढून नेतो. यातल्या कित्येकांचं ठाण्यात काहीच काम नाही! गाडी बदलायची, आणि तीच खाडी उलट ओलांडायची.

कळव्याहून थेट ऐरोलीकडे नेणारा कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग मंजूर होऊन किती वर्षं झाली. कळव्याच्या रुळांलगतच्या झोपड्यांचं पुनर्वसन अडलं आणि काम थांबलं. त्या कुटुंबांना आधी घर द्यायलाच हवं. पण त्यासाठी लागणारा पैसा मेट्रोच्या खांबांइतकाच तातडीचा मानला जात नाही, याचा मला राग येतो. त्या आठेक किलोमीटरांच्या मार्गानं कल्याण-डोंबिवलीची नवी मुंबईला जाणारी माणसं ठाण्याच्या पादचारी पुलांवरून कमी होतील. माझ्या लेखी या पट्ट्यातलं पहिलं काम तेच.

पनवेल गाडी सुटते. खाडी, विटावा, मग दिघा गाव. हे स्थानक 2024 च्या जानेवारीत सुरू झालं. त्या उन्नत मार्गासाठीच ते आखलेलं, असं मी मुलीला सांगते.

"म्हणजे कळव्याहून थेट इथे? मग मी सव्वानऊची मीटिंग आरामात गाठेन," ती म्हणते, आणि ऐरोलीसाठी दाराकडे सरकते.